रेंजर्स 2008 मध्ये युएफा कपच्या (आजची युरोपा लीग) अंतिम फेरीत पोहोचला, तरी माध्यमांनी त्यांच्या खेळाला ‘अँटी-फुटबॉल’ का म्हटलं? ती टीका योग्य होती का?

माझ्या मते टीका अर्धी योग्य होती, पण माध्यमांनी जोर दिला तो नेमका दुसऱ्या अर्ध्यावर. ग्लासगोचा हा संघ खाली बसून बचाव करायचा, यात मला काही गैर दिसत नाही. चेंडू जिंकल्यावर पुढे काय, याचं उत्तर मात्र त्या मोसमात त्यांना क्वचितच सापडलं. खरी टीका तिथे व्हायला हवी होती.

आधी तो शब्द कुठून चिकटला ते पाहू. 23 ऑक्टोबर 2007 ला चॅम्पियन्स लीगच्या गटात रेंजर्सने आयब्रॉक्सवर, म्हणजे घरच्या मैदानावर, बार्सिलोनाला 0-0 असं रोखलं. समोर मेस्सी, रोनाल्डिन्यो आणि आँरी हे तिघंही होते. सामन्यानंतर वीस वर्षांच्या मेस्सीने रेंजर्सचा खेळ म्हणजे अँटी-फुटबॉल असल्याचं म्हटलं आणि तो मथळा जगभर गेला. पण त्याच्या तीनच आठवडे आधी, 2 ऑक्टोबरला, याच संघाने जवळपास याच रचनेत लिऑनला त्यांच्या मैदानावर 3-0 हरवलं होतं. मॅककलक, कुझँ आणि बीझली यांचे गोल. तेव्हा कौतुकाचा पाऊस पडला. म्हणजे रचना तीच, फक्त पहिल्या सामन्यात प्रतिहल्ले गोलमध्ये उतरले आणि दुसऱ्यात नाहीत. निकाल पाहून डावपेचांना नाव द्यायची ही सवय क्रीडापत्रकारितेत फार जुनी आहे.

स्कॉटलंडमध्ये या टीकेला आणखी एक धार होती. 25 मे 1967 ला लिस्बनमध्ये ग्लासगोच्याच सेल्टिकने प्रशिक्षक हेलेनिओ हेरेराच्या इंटर मिलानला 2-1 हरवून युरोपियन कप जिंकला. मात्सोलाच्या पेनल्टीने इंटर सातव्या मिनिटालाच पुढे गेला आणि मग मागे सरकून बसला. गेमेल आणि चामर्स यांनी तो बचाव फोडला. आक्रमक खेळाने कातेनाच्चोवर, म्हणजे इटालियन पद्धतीच्या कडेकोट बचावावर, मिळवलेला विजय म्हणूनच तो सामना सांगितला जातो. ज्या शहरातल्या एका क्लबची सर्वात मोठी अभिमानाची गोष्ट ही आहे, तिथे दुसरा क्लब चाळीस वर्षांनी दहा माणसं चेंडूमागे ठेवून खेळला तर तुलना होणारच. व्यवस्थापक वॉल्टर स्मिथ यांच्या नावावरून ‘वॉटनाच्चो’ हा शब्दही निघाला. काहींनी तो प्रेमाने वापरला, काहींनी हिणवायला.

आता स्मिथ यांनी असं का केलं? जानेवारी 2007 मध्ये पॉल ल गुएन गेल्यावर ते क्लबमध्ये परतले. बचावाच्या मध्यभागी त्यांच्याकडे कार्लोस क्युलर आणि डेव्हिड वेअर होते. वेअर तेव्हा 37 वर्षांचा. जागा हेरण्यात, डोक्याने चेंडू काढण्यात उत्तम, पण मागे तीस मीटर मोकळी जागा सोडून आँरीसोबत धावण्याची शर्यत लावावी असा नव्हे. त्यामुळे बचावफळी खाली, पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर ठेवणं भागच होतं. तिच्या पुढे एकटा ब्राहिम हेमदानी, त्याच्या पुढे चौघांची मधली फळी आणि टोकाला एकच आघाडीवीर, म्हणजे 4-1-4-1.

ही रचना चालते कशी ते नीट समजून घेतलं तर टीव्हीवर तिचा कंटाळा येत नाही. मैदान साधारण 68 मीटर रुंद असतं. चौघांनी किंवा पाचांनी ती सगळी रुंदी झाकणं अशक्य, म्हणून अख्खी फळी चेंडूच्या बाजूला सरकते आणि पलीकडची बगल मुद्दाम मोकळी सोडते. तिकडे चेंडू पोहोचायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात फळी परत सरकते. दोन फळ्यांमधलं अंतर हा या सगळ्याचा प्राण. ते दहा मीटरच्या आसपास राहिलं तर मधे उभ्या राहणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूला वळायलाच जागा मिळत नाही. पंधराच्या वर गेलं की त्याला वळून मान वर करायला वेळ मिळतो आणि तिथून बचाव उसवायला लागतो. पडद्यावर हे मोजायची सोपी पट्टी म्हणजे पेनल्टी क्षेत्र, कारण त्याची खोली 16.5 मीटर असते. कॅमेरा बहुतेक वेळ चेंडूच्या मागे जातो, पण गोलकिक किंवा थ्रो-इनच्या वेळी लांबचं दृश्य मिळतं, तेव्हा पाहा.

दुसरं कारण नियमांचं, आणि समालोचनात ते नेहमी हरवायचं. तेव्हा बाद फेरीत बाहेरच्या मैदानावरचे गोल बरोबरी फोडायला धरले जायचे (2021-22 पासून युएफाने तो नियम काढला). घरी पहिला सामना 0-0 सुटला तर परतीच्या सामन्यात कोणतीही गोल झालेली बरोबरी पुरते. चॅम्पियन्स लीगच्या गटात तिसरे आल्यामुळे रेंजर्स युएफा कपमध्ये आले, आणि तिथे चारही फेऱ्यांत त्यांनी पहिला सामना घरी खेळला. पॅनाथिनायकोसशी घरी 0-0, बाहेर 1-1, पुढे. वेर्डर ब्रेमेनला घरी 2-0, बाहेर 0-1. स्पोर्टिंगशी घरी 0-0 आणि लिस्बनमध्ये चक्क 2-0. फिओरेन्तिनाशी दोन्ही सामने 0-0 आणि शूटआउटमध्ये 4-2. ‘घरच्या मैदानावर गोलही करता आला नाही’ असं जे लिहिलं जात होतं ते या हिशेबात बसत नाही. घरी गोल न खाणं हेच अर्धं काम होतं.

थकव्याचाही भाग होता. पात्रता फेऱ्या धरून रेंजर्स त्या मोसमात युरोपात 19 सामने खेळले आणि एकूण 68. खाली बसून खेळणाऱ्या संघाला लांब धावा कमी लागतात, पण सतत सरकत राहावं लागतं. त्यामुळे पाय दमण्याआधी लक्ष दमतं.

इथून माझी तक्रार सुरू होते. अंतिम फेरी धरून युएफा कपच्या नऊ सामन्यांत रेंजर्सने पाच गोल केले आणि चार खाल्ले. पाच गोल फारच कमी आहेत. चेंडू काढला की तो एकट्या आघाडीवीराकडे जायचा आणि त्याच्या मदतीला कुणी पोहोचेपर्यंत दोन बचावपटू त्याला घेरायचे. मग चेंडू परत त्यांच्याच पेनल्टी क्षेत्रात. असं वीस वेळा झालं की एकविसाव्या वेळी कुणीतरी अर्धं पाऊल मागे राहतं. शिवाय पहिला गोल खाल्ल्यावर या संघाकडे दुसरी योजना नव्हती. 12 डिसेंबर 2007 ला चॅम्पियन्स लीगमध्ये पुढे जायला लिऑनविरुद्ध घरी फक्त बरोबरी हवी होती. सोळाव्या मिनिटाला गोव्हूने गोल केला, मग रेंजर्सला पुढे यावं लागलं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत बेन्झेमाने मोकळ्या जागेत दोन गोल करून 0-3 केलं. लिऑनमधल्या सामन्याचं हे अगदी उलटं चित्र.

14 मे 2008 च्या अंतिम सामन्यातली निवड तर मला आजही पटत नाही. मँचेस्टर हे तटस्थ मैदान, एकच सामना, परतीचा सामना नाही, बाहेरच्या गोलांचा हिशेब नाही. ज्या गणितामुळे 0-0 ला किंमत होती ते गणितच संपलं होतं. समोर उपांत्य फेरीत बायर्नला घरी 4-0 हरवून आलेला रशियाचा झेनित होता, हे खरं. तरी पुढे एकटा दार्शव्हिल, आणि त्या मोसमातला क्लबचा सर्वाधिक गोल करणारा क्रिस बॉइड बाकावर! 72व्या मिनिटाला अर्शाविनच्या पासवर देनिसोव्हने गोल केला, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत झिर्यानोव्हने दुसरा. बॉइड आला तो अगदी अखेरीस. या निवडीवर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, कारण दुसऱ्या दिवशी बातम्या मँचेस्टरमधल्या दंगलीच्या होत्या.

इतर क्लबांशी तुलना केली की माध्यमांचा दृष्टिकोन आणखी स्पष्ट दिसतो. 28 एप्रिल 2010 ला मोरिन्योच्या इंटरने बार्सिलोनात लाल कार्डामुळे 28व्या मिनिटापासून दहा खेळाडूंनिशी बचाव केला, 0-1 हरले आणि तरी अंतिम फेरीत गेले. तो सामना आज बचावाचा धडा म्हणून दाखवतात. पण घरच्या सामन्यात इंटरने बार्सिलोनाला 3-1 असं आक्रमण करून हरवलं होतं, म्हणजे ते आघाडी राखत होते. हा फरक महत्त्वाचा आहे. उलट 5 एप्रिल 2022 ला अॅटलेटिको माद्रिद मँचेस्टर सिटीविरुद्ध 5-5 च्या दोन ओळींत बसला, एकही फटका न मारता 0-1 हरला. परतीच्या सामन्यात 0-0 होऊन बाहेरही पडला. ते इंटरच्या यादीत बसत नाहीत, रेंजर्सच्या जवळ बसतात. अॅटलेटिकोकडे ग्रीझमान आणि जोआओ फेलिक्स होते, त्यामुळे त्यांच्यावरची टीका मला जास्त रास्त वाटते. वेअर आणि हेमदानीच्या संघाला तेवढे पर्याय नव्हते.

तुम्हाला स्वतः ठरवायचं असेल तर चेंडूवरच्या ताब्याची टक्केवारी बाजूला ठेवा. ती फक्त चेंडू कुणाकडे होता हे सांगते, आणि लो ब्लॉक, म्हणजे असा खाली बसून बचाव, खेळणारा संघ तो मुद्दाम देत असतो. प्रतिस्पर्ध्याचे किती फटके पेनल्टी क्षेत्राच्या आतून आले ते मोजा. बाहेरून वीस फटके आले तर बचाव चांगला चालला आहे. मग चेंडू जिंकल्यावर पहिल्या पाच-सहा सेकंदांत किती खेळाडू मधली रेषा ओलांडतात ते पाहा. तीन-चार जण धावत असतील तर तो संघ थांबून मारायला बसलाय. एकच जण असेल तर तो शूटआउटची वाट पाहतोय. शक्य असेल तर रेंजर्सचे लिऑनविरुद्धचे दोन्ही सामने याच क्रमाने, पूर्ण नव्वद मिनिटं पाहा. गोलांच्या क्लिपमध्ये यातलं काहीच दिसत नाही.