गटारांचे पाइप मोठे केले की शहरात पाणी तुंबायचं थांबेल का?

तुमचा प्रश्न असा की पावसाळी गटारांचे पाइप सरळ दुप्पट रुंद केले तर शहरात पाणी तुंबायचं थांबेल का, आणि संशोधन यावर काय म्हणतं. मी पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कॉम्प्युटर मॉडेलं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कमी होईल, थांबणार नाही.

आधी पाइपच्या बाजूने बोलतो. उतार तोच ठेवून पाइपचा व्यास दुप्पट केला तर तो दुप्पट नाही, सहापटीहून जास्त पाणी नेऊ शकतो. मग तुंबतं का? कारण पाणी आधी पाइपात शिरायला तर पाहिजे. ते शिरतं रस्त्याकडेच्या जाळीतून, आणि ती जाळी पानं, प्लास्टिक, गाळाने भरलेली असली की खाली पाइप रिकामा आणि वर रस्त्यावर गुडघाभर पाणी. दुसरं टोक त्याहून वाईट, पाइप जिथे नदीत किंवा समुद्रात उघडतो तिथली पातळीच वर असेल तर पाणी बाहेर पडणार कुठे, ते उलटं चेंबरमधून वर येतं. आणि तिसरं म्हणजे वरच्या भागातलं पाणी झटकन खाली आणलंत तर खालच्या वस्तीत ते सगळं एकदम पोचतं, तुमचा प्रश्न सुटला आणि त्यांचा सुरू झाला. मॉडेलमध्ये हे इतक्या वेळा दिसतं की आता कोणी फक्त पाइपचा व्यास घेऊन आलं की मी आधी विचारतो, खाली काय आहे?

आता पाऊस. एक हेक्टर जागेवर ताशी 36 मिमी पाऊस पडला आणि सगळं डांबर-काँक्रीट असेल तर सेकंदाला जवळपास 100 लिटर पाणी वाहतं. तिथेच मोकळी माती, गवत असेल तर 20-30 लिटर, बाकीचं मुरतं. म्हणजे पाइप तोच राहिला तरी वरची जमीन झाकत गेलो की तो आपोआप अपुरा पडतो. त्यात हवा एक अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे थोड्या वेळात कोसळणारा पाऊस आणखी जोरदार होतो, आणि जुनी गटारं जुन्या पावसाच्या आकड्यांवर बांधलेली.

'10 वर्षांतून एकदा येणारा पाऊस' या शब्दांनी लोकांची फार फसगत होते. त्याचा अर्थ दर वर्षी 10 टक्के शक्यता, म्हणजे 10 वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास 65 टक्के, आणि लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. बरीच गटारं अशाच पावसासाठी बांधतात, कारण त्याहून मोठ्या पावसासाठी जमिनीखाली तेवढी जागाच नसते.

म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे, पाइप भरल्यावर उरलेलं पाणी कुठून जाणार हे आपण ठरवायचं की पाण्याने? कोपनहेगनमध्ये 2 जुलै 2011 ला दोनेक तासांत सुमारे 150 मिमी पाऊस झाला आणि त्यानंतर 2012 मध्ये त्यांनी जो आराखडा केला त्यात हेच ठरवलं, काही रस्ते पाणी वाहून नेतील, काही बागा आणि मैदानं तेवढ्यापुरती तळी होतील, आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर पाणी साधारण 10 सेंमीपेक्षा वर जाऊ नये.

पाणी मुरवणाऱ्या बागा, सच्छिद्र फरशा हे सगळं रोजच्या पावसाला खूप उपयोगी आहे, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण फरशीची छिद्रं गाळाने बुजतात, साफसफाई नियमित नसेल तर काही वर्षांत ती साध्या फरशीसारखीच होते. आणि 20 जुलै 2021 ला चीनमधल्या झेंगझोऊत एका तासात 201.9 मिमी पडला तसा पाऊस आला तर मातीही तेवढं पाणी पिऊ शकत नाही, तिथे वरून जाणारा मोकळा मार्गच लागतो.

तुमच्या भागात पाणी तुंबतं तेव्हा सुरक्षित जागेवरून, उंचावरून बघा, झाकण वगैरे अजिबात उघडू नका. पाणी चेंबरमधून वर उसळत असेल तर अडचण पुढे, पाइपात किंवा तोंडाशी आहे. चेंबर शांत आहे आणि जाळीपाशी पाणी नुसतं थांबलंय, तर आधी जाळ्या साफ करायला सांगा, मोठ्या पाइपचं नंतर बघू.