युरोव्हिजनमध्ये गाणे कोणत्या भाषेत आणि निकाल कोणाचा?

प्रश्न : आमच्या गावच्या भजन स्पर्धेत परीक्षकांचा निकाल आणि श्रोत्यांची पसंती पुष्कळदा जुळत नाही. माझा पुतण्या मोबाइलवर ‘युरोव्हिजन’ ही युरोपातील देशांची गीतस्पर्धा पाहतो. तिथे विजेता कोण ठरवते? सर्वांना इंग्रजीतच गावे लागते का? आणि ऑस्ट्रेलिया त्यात कसा?
– एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : इंग्रजीची सक्ती तिथे कधीच नव्हती, बराच काळ होती ती स्वभाषेची. युरोपातील प्रसारण संस्थांच्या संघाने २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांना घेऊन ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा भाषेचा नियम करण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती. १९६५ मध्ये स्वीडनचा गायक इंग्रजीत गायला आणि पुढच्याच वर्षापासून आपापल्या देशाच्या भाषेत गाणे बंधनकारक झाले. १९७३ मध्ये हे बंधन सैल झाले, १९७४ मध्ये स्वीडनचाच ‘आबा’ हा गट इंग्रजी गाण्यावर जिंकला, १९७७ मध्ये नियम परत आला आणि १९९९ पासून तो कायमचा उठला. इंग्रजी हीच ज्यांची बोली त्यांना या नियमाचा लाभ होतो, ही इतर देशांची तक्रार रास्त होती, कारण १९९२ ते १९९६ या पाच वर्षांत आयर्लंड चार वेळा जिंकला होता.

नियम उठल्यावर बहुतेक देश इंग्रजीकडे वळले, याची मला मनापासून खंत वाटते. तरीही २०१७ मध्ये, १९६४ पासून भाग घेऊनही एकदाही न जिंकलेल्या पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल बहिणीने रचलेले पोर्तुगीज गीत कोणत्याही झगमगाटाशिवाय, अत्यंत संथ लयीत गायला आणि परीक्षक व प्रेक्षक या दोघांकडूनही पहिला आला. शब्द न कळणाऱ्या लक्षावधी लोकांनी त्याला मत दिले. पुतण्याला हे गाणे अवश्य ऐकायला सांगा.

निकालाबाबत तुमचा अनुभव तिथेही येतो. प्रत्येक देशाचे व्यावसायिक परीक्षक आणि त्याच देशाचे प्रेक्षक आपल्या पसंतीच्या दहा गाण्यांना १२, १०, ८ आणि मग ७ ते १ असे गुण वेगवेगळे देतात. २०१६ पासून या दोहोंची बेरीज स्वतंत्रपणे जाहीर होते. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, आणि ही अट आपल्याकडच्या गावोगावच्या स्पर्धांनीही उचलावी इतकी चांगली आहे. २०२३ मध्ये लिव्हरपूल येथे फिनिश भाषेत गाणाऱ्या फिनलंडच्या कारियाला प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले, तर स्वीडनच्या लोरीनला २४३. परीक्षकांनी मात्र लोरीनला ३४० आणि त्याला १५० गुण दिले, त्यामुळे ५८३ विरुद्ध ५२६ असा निकाल लागून लोरीन जिंकली. सभागृह त्याच्या नावाचा घोष करत होते. माझ्या मते हा निकाल नियमाला धरून होता, पण परीक्षकांच्या हाती निम्मे वजन असावे का, हा प्रश्न त्याने उभा केलाच.

ऑस्ट्रेलियात ही स्पर्धा अनेक वर्षे आवडीने पाहिली जात असल्याने २०१५ मध्ये त्या देशाला खास निमंत्रण मिळाले आणि ते पुढेही चालू राहिले. २०२३ पासून भाग न घेणाऱ्या देशांतील प्रेक्षकांसाठीही ऑनलाइन मतदान सुरू झाले असून, अशी सर्व मते मिळून एका देशाच्या प्रेक्षकांइतकी धरली जातात.