बटाट्याची भुवई

खानापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : जीवशास्त्राच्या पुस्तकात मॉर्फोलॉजीला 'आकारविज्ञान' म्हटलंय आणि भाषाशास्त्रात त्यालाच 'रूपविचार' म्हणतात. मूळ शब्द एक, मग मराठीत दोन का? बरोबर कोणता?

रूप. दोन्हीकडे रूपच. सजीवांचं रूपविज्ञान, म्हणजे त्यांच्या अवयवांच्या घडणीचा अभ्यास; भाषेचा रूपविचार, म्हणजे शब्दांच्या घडणीचा. ग्रीक 'मॉर्फे' म्हणजे रूप, घडण. जर्मन कवी गटे याने अठराव्या शतकाच्या अखेरीस वनस्पती आणि प्राण्यांच्या अभ्यासासाठी हा शब्द घडवला आणि १८५९ मध्ये आउगुस्ट श्लायखर या भाषापंडिताने तो भाषेला लावला. इतिहास एवढाच. पण 'मॉर्फोलॉजी म्हणजे आकाराचा अभ्यास' हे वाक्य शिकवण्यांमधून, मुलांच्या वह्यांमधून इतक्यांदा कानावर येतं की आता गप्प बसवत नाही.

आकार फसवतो. बेळगावच्या भाजी मार्केटात जाऊन एक बटाटा आणि एक रताळं हातात घ्या. बटाट्याचा डोळा जवळून बघा. त्याच्या कडेला भुवईसारखी बारीक रेघ दिसेल. तिथं एक इवलंसं पान होतं, ते गळून गेलं, त्याची ती खूण. आणि डोळा म्हणजे त्या पानाच्या बगलेतला कोंब. हे डोळे गोल जिन्यासारखे फिरत जातात आणि शेंड्याकडे दाटी करतात. पान, बगल, कोंब, शेंडा : ही सगळी खोडाची लक्षणं. बटाटा हे मातीत फुगलेलं खोड आहे. रताळ्यावर यातलं काही सापडत नाही, बारीक मुळ्यांच्या खाचा तेवढ्या सापडतात, कारण रताळं हे मूळ. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. बटाट्याचं बेणं तो डोळा राखून कापतो, आणि रताळ्याचा वेल तोडून लावतो. दिसायला भाऊ-भाऊ, रूपाने परके.

कांदा तिसराच, तो सोलला की पानांची बुडं निघतात. आपल्याकडच्या कन्नडमध्ये कांदा उळ्ळागड्डी आणि बटाटा आलूगड्डी. एक पान, एक खोड, दोघांनाही गड्डी. आकाराचा शब्द म्हणतात तो हा. लसणाचा, कोबीचा आपला गड्डा याच घरचा, असं माझं ठाम मत आहे. शेजारच्या घरात शब्द नांदत असताना त्याच्यासाठी संस्कृतात ओढूनताणून धातू शोधणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही, जमणारही नाही.

आणि 'बटाटा' हा शब्द! गोव्याच्या वाटेने पोर्तुगीजांकडून आला, एवढं सगळे सांगतात आणि थांबतात. त्याच्या मागे जा. स्पॅनिश लोकांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांकडून उचलला आणि तिथं 'बटाटा' म्हणजे रताळं! पुढे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरात खरा बटाटा भेटला. तिथले लोक त्याला 'पापा' म्हणत. पण युरोपात दोघांची नावं एकमेकांत मिसळली, कारण दोन्ही मातीतून निघालेले, दोन्ही गोलसर. मुळाचं नाव खोडाला चिकटलं. आपल्या रताळ्याचीही तीच गत. रताळं हे 'रक्तालु'वरून आलं, आणि संस्कृतातला रक्तालु म्हणजे कोनफळाच्या कुळातला लाल कंद. अमेरिकेतलं रताळं इथं पोचण्याच्या कितीतरी आधीचा तो शब्द. म्हणजे बटाट्याने रताळ्याचं नाव घेतलं आणि रताळ्याने कोनफळाच्या भावकीतलं. आकारावर विसंबून नावं ठेवली की असं होतं, आणि त्या शास्त्राचंच नाव आपण 'आकारविज्ञान' ठेवतो!

'रूप म्हणजे सौंदर्य, शास्त्रात कसं चालेल' हा आक्षेप मी ऐकलाय. तो टिकत नाही. पाणिनीचं सूत्र 'स्वं रूपं शब्दस्य', म्हणजे शब्दाचं स्वतःचं रूप, असं सुरू होतं, तिथं सौंदर्याचा काय संबंध? आपण शाळेत देव शब्द चालवला तो रूपांनीच, आणि 'घोडा'चं 'घोड्या-' होतं त्याला सामान्यरूपच म्हणतो. शब्द घरात तयार आहे.

भाषेतही आकार तसाच फसवतो. 'घराला' मधला ला आणि 'गेला' मधला ला कानाला एक, कूळ वेगळं : पहिला विभक्तीचा, दुसरा भूतकाळाचा. प्रश्नकर्तीने जाता जाता लिहिलंय की वर्गात ती 'मी अभ्यास करायलोय' असं एका मित्राचं बोलणं सांगत होती, तेव्हा शिक्षकांनी 'हे रूपच नाही' म्हणून थांबवलं. मुली, ते अगदी पुरं रूप आहे. 'करायला लागलोय' भरभर म्हणून बघ. माझ्या मते तिथं 'लागणे' हे सबंध क्रियापद होतं, बोलण्याच्या ओघात झिजत झिजत त्याचा एवढासा अंश उरला. बटाट्यावरचं पान गळालं आणि भुवई राहिली, तसाच 'करायलोय' मधला हा ल.