बाग आडवी पडली, त्या फोटोखाली काय लिहावं?

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यातला निवृत्त कृषी सहायक. जूनच्या वादळात पुतण्याची केळी आडवी झाली. त्याच संध्याकाळी त्याने फेसबुकवर फोटो टाकला. मी खाली लिहिलं, "बांधाला शेवरी लाव म्हणून सांगितलं होतं. ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती." त्याने कमेंट काढून टाकली, आता समोर आला तरी बोलत नाही. माझं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. मग चुकलं कुठे?

उत्तर : आप्पा, वारा अडवायला बांधावर शेवरीची झाडं लावावीत, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. माझं माहेर यावलकडचं, शेवरीच्या आडोशाने तगलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. पण तो फोटो पुन्हा उघडून बघा. कापणीला आलेले घड चिखलात लोळतायत. गेल्या पावसाळ्यात लावलेली मृगबाग ती. रोपं, ठिबक, खत, सगळ्याचे पैसे त्या घडांवरच फिटायचे होते.

आणि फोटोखाली वाचणारे कोण? त्याचे सासरे, उधारीवर खत देणारा कृषी केंद्रवाला, केळीचा सौदा केलेला व्यापारी. त्या सगळ्यांसमोर सख्ख्या काकाने सांगितलं की नुकसान याच्या हलगर्जीपणामुळे झालं. वाऱ्याचा दोष तुम्ही चारचौघांत पोराच्या माथी मारलात. उद्या उधारी मागणारा तुमचंच वाक्य त्याला ऐकवेल.

तिथे दोन ओळी पुरल्या असत्या : "फोटो पाहिला बेटा, फार वाईट वाटलं. पंचनाम्याचं बघायला सकाळी येतो." सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, गट नंबरासकट फोटो, विमा असेल तर मुदतीत खबर, हे त्या घरात तुमच्याइतकं कुणाला कळतं? नेमकी ती मदत राहून गेली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता नवी कमेंट नको, "माझी कमेंट का काढली" हेही नको. उठा आणि घरी जा. कागदपत्रांचं काय झालं ते विचारा. शेवरीचा विषय पुढची लागवड ठरेल तेव्हा काढा. कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावायची केळी, धरायची म्हटली तरी ऑक्टोबर उजाडतो. शेवरी लावायची तीच वेळ, आणि सल्ला द्यायचीही.

इतरांसाठीही एक सांगते. फेसबुकवर कमेंट दुरुस्त केली की तशी खूण राहते आणि आधीचा मजकूर लोकांना उघडून वाचता येतो. लागेल असं काही लिहून गेलं, तर शब्द बदलत बसू नका. कमेंट पूर्ण काढा आणि त्या माणसाला फोन लावा.

प्रश्न : आमचे एक काका जळगावला दवाखान्यात आहेत. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकलं, मागोमाग सगळ्यांनी हात जोडले. मी ॲडमिन आहे. दुसऱ्यांचे मेसेज काढू का? माझ्यावर काही येईल का? (शिरपूर)

उत्तर : लगेच काढा. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, २०२२ पासून ती सोय आहे. कायद्याचं म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा हेतू एक असेल तर गोष्ट वेगळी. इथे तर तसलं काहीच नाही.

ज्याने पहिल्यांदा टाकलं, त्याला ग्रुपवर झोडपू नका, बाजूला फोन करून सांगा. ग्रुपवर एवढंच लिहा की काकांवर उपचार चालू आहेत, आणि चौकशीसाठी घरच्यांपैकी कुणाला फोन करायचा. मात्र काकू त्या ग्रुपमध्ये असतील तर त्यांच्याशी आधी बोला. मेसेज काढला तरी तो काढल्याची ओळ तिथे दिसत राहते, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईने तेवढ्यावरून काय समजायचं?