नेपाळला व्हिसा लागत नाही, मग आत्याबाईंना का अडवतील?

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही सोलापूरहून रेल्वेने दिल्लीला आणि तेथून विमानाने काठमांडूला पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी जाणार आहोत. पासपोर्ट फक्त माझ्या यजमानांकडे आहे. मी, ७१ वर्षांचे सासरे, १६ वर्षांची मुलगी आणि यजमानांच्या ६० वर्षांच्या आत्याबाई यांच्याकडे आधार कार्डे आहेत. अमेरिकेत जन्मलेला, ओसीआय कार्ड असलेला भाचाही सोबत येणार आहे. ‘नेपाळला आधार चालते,’ असे टूरवाले म्हणतात. ते खरे आहे का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : अर्धेच खरे आहे. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांकडे जाताना व्हिसा लागत नाही. परंतु व्हिसातून सूट मिळाली म्हणजे ओळखपत्रातूनही सूट मिळाली, असा अर्थ होत नाही. विमानाने जाणाऱ्या भारतीयाकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे, हा मूळ नियम आहे आणि आधार कार्डाचा प्रश्न केवळ त्याच्या अपवादांमध्ये येतो.

पहिला अपवाद वयाचा आहे. १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना वय व ओळख पटवणारे छायाचित्र असलेले कागदपत्र पुरते, त्यामुळे आपल्या सासऱ्यांचे आधार कार्ड चालेल. दुसरा अपवाद कुटुंबाचा आहे. पती, पत्नी, अज्ञान मुले आणि आईवडील एकत्र प्रवास करत असतील आणि त्यांतील एका प्रौढ व्यक्तीकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर इतरांना छायाचित्रासह ओळखीचा आणि कुटुंबातील नात्याचा पुरावा पुरेसा ठरतो. आपण या अपवादात बसता. मात्र केवळ आधारवर न विसंबता वाहन परवाना असल्यास तो आणि शिधापत्रिका जवळ ठेवावी. केशरी शिधापत्रिकेवर आपला फोटो नसला तरी त्यावरील नावांवरून नाते दिसते. मुलीसाठी शाळेचे ओळखपत्र घ्यावे आणि शिवाय मुख्याध्यापकांकडून विहित नमुन्यातील प्रमाणपत्रही घ्यावे, कारण १५ ते १८ या वयोगटासाठी तशी स्वतंत्र तरतूद आहे.

खरी अडचण आत्याबाईंची आहे. आपल्या घरात त्या कितीही वडीलधाऱ्या असल्या, तरी नियमातील ‘कुटुंबा’त आत्या येत नाही आणि वयाच्या सवलतीला त्यांची पाच वर्षे कमी पडतात. त्यांचे नाव मतदार यादीत असेल आणि कार्ड हरवले असेल, तर नमुना क्रमांक ८ भरून दुसरे कार्ड मागवता येते; नाव यादीतच नसेल तर सरळ पासपोर्टसाठी अर्ज करावा. यातील एक झाल्याखेरीज त्यांचे तिकीट काढू नये. ‘बघू तिथे गेल्यावर’ हा टूरवाल्यांचा भरवसा दिल्लीच्या इमिग्रेशन काउंटरवर कामास येत नाही.

भाच्याला ही सवलत मुळीच लागू नाही, कारण ती नागरिकत्वावर अवलंबून आहे, वंशावर नाही. ओसीआय कार्ड म्हणजे भारतात येण्यासाठीचा आजीवन व्हिसा. नेपाळच्या दृष्टीने तो अमेरिकन नागरिकच आहे. त्याला काठमांडू विमानतळावर उतरल्यावर शुल्क भरून नेपाळचा व्हिसा घेता येईल. परतीच्या वेळी भारतात प्रवेश करताना अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड ही दोन्ही दाखवावी लागतात, म्हणून कार्ड सोलापूरच्या कपाटात ठेवून जाऊ नये.