शिकाऊ छायाचित्रकाराला कसे घडवावे?

प्रश्न : साताऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. माझ्याकडे शिकणारा मुलगा लग्नाचे फोटो चांगले काढतो, परंतु इतरांचे काम पाहून खचतो आणि दर सांगताना घाबरतो. मी काय करावे?

उत्तर : त्याला आपली फसलेली छायाचित्रेही दाखवा, केवळ निवडक अल्बम पाहणाऱ्या मुलाला जाणत्यांचा हात कधी चुकतच नाही असे वाटू लागते, आणि माझ्या मते त्याच्या खचण्याचे मूळ तिथेच असावे. मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेऱ्याचे शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) १/६० सेकंद उघडे ठेवले तर उडत्या अक्षतांच्या रेषा उमटतात, तर १/५०० ला त्या हवेत थबकलेल्या दिसतात. यांतले काय हवे, हे त्यालाच ठरवू द्या आणि कारण विचारा.

दराची भीती हिशेबाने कमी होते. प्रवास, मदतनीस, अल्बमची छपाई, कॅमेऱ्याची झीज आणि संपादनाचे तास (हे तर बहुतेक जण विसरतातच) त्याच्याकडून लिहून घ्या. करारपत्रही शिकवा : कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क ग्राहकाकडे जातो, म्हणून नमुन्यादाखल छायाचित्रे वापरण्याची परवानगी आगाऊ रक्कम स्वीकारतानाच लेखी घ्यावी.