शेपूट सोडणाऱ्या गाड्यांना वेसण : वाचकांचे प्रश्न

'रेसिंग गेममधली अमुक गाडी आवरतच नाही, सेटिंग सांगा' अशा मजकुराची पत्रं यावेळी इतकी आली, की सगळी जागा त्यांनाच द्यावी लागली. सेटिंगकडे वळण्याआधी आमचा एकच उलटप्रश्न : गाडी नेमकी कधी सुटते? ब्रेक दाबताना, वळणात शिरताना, वळणाच्या मध्यावर रेस सोडल्यावर, की बाहेर पडताना रेस दिल्यावर? पडद्यावर चारही वेळी गोल फिरलेली गाडीच दिसते, पण औषध प्रत्येक वेळी वेगळं. रिप्ले हळू करून पाहा आणि गाडी फिरायच्या आधीच्या एका सेकंदात पाय काय करत होते ते टिपून ठेवा. फिरल्यानंतर काय झालं ते बघण्यात अर्थ नाही.

'असेटो कोर्सा'मधली रूफ यलोबर्ड सरळ रस्त्यावर छान चालते. वळणात वेग जास्त वाटला म्हणून रेस सोडली, की लगेच मागचा भाग पुढे येतो. गेमपॅडवर खेळतो. — एक वाचक, कोल्हापूर

रोगाचं निदान तुमच्या पत्रातच आहे : 'वळणात रेस सोडली'. १९८७ची रूफ सीटीआर पोर्शे ९११च्या सांगाड्यावर बेतलेली आहे. सहा सिलिंडरचं ३.४ लिटरचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं, दोन टर्बो, सुमारे ४७० अश्वशक्ती आणि वजन जेमतेम साडेअकराशे किलो. वळणात रेस सोडली की भार पुढे सरकतो. पुढचे टायर रस्त्याला जास्त धरतात आणि मागचे हलके होतात. मागे लटकलेलं इंजिन मात्र त्याच वेगाने बाहेर जाऊ पाहतं. दोरीच्या टोकाला बांधलेला दगड फिरवून पाहा, तसं. एकदा ते जड टोक निघालं, की ते थांबवायला पुढे इंजिन असलेल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

म्हणून या गाडीत वेग कमी करण्याचं सगळं काम वळणाआधी, स्टिअरिंग सरळ असतानाच उरकायचं. तुम्हाला योग्य वाटतो त्यापेक्षा दहा-पंधरा मीटर आधी ब्रेक दाबा, गिअर उतरवा, आणि स्टिअरिंग वळवायला लागतानाच ट्रिगर (पॅडवरचं रेसचं बटण) दहा-वीस टक्के दाबून धरा. ही रेस वेग वाढवायला नाही, मागच्या टायरवर भार टिकवायला आहे. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटलाच, तर ट्रिगर एकदम सोडू नका. वीसवरून दहावर या आणि गाडी थोडी बाहेर गेली तर जाऊ द्या. कडेच्या गवतावर दोन चाकं गेलेली परवडतात, गाडी उलटी फिरलेली नाही.

दुसरा धोका टर्बोचा. ट्रिगर दाबल्यावर सुरुवातीला फारसं काही होत नाही, म्हणून आपण अजून दाबतो, आणि मग सगळी ताकद एकदम येते. नेमकी तेव्हाच गाडी अजून वळत असते. एक गिअर वर ठेवून वळण काढा. दुसऱ्याच्या जागी तिसरा घेतला, की टर्बोचा धक्का मवाळ होतो आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो.

पॅडच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा. गॅमा थोडा वाढवला, की स्टिकच्या मधल्या भागात स्टिअरिंग शांत होतं. स्पीड सेन्सिटिव्हिटी वेगात स्टिअरिंगचा कोन आखडते. ती फार वाढवली तर वेगात उलटं स्टिअरिंग पुरतं मिळत नाही, आणि या गाडीला त्याचीच सगळ्यात जास्त गरज पडते. फिल्टरही तसाच. त्याने हालचाल गुळगुळीत होते, पण उशीर वाढतो, म्हणून तो कमीच बरा. गाडी ४५ अंशांपलीकडे फिरली, तर स्टिअरिंगशी झोंबू नका. पूर्ण ब्रेक दाबा आणि गाडी थांबू द्या.

सराव मजोनेसारख्या छोट्या सर्किटवर करा. नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफचा मोह सगळ्यांनाच होतो, पण जवळपास २१ किलोमीटरच्या त्या फेरीत चुकलेलं वळण पुन्हा यायला दहा-दहा मिनिटं जातात. शिकायला तेच वळण दर दीड-दोन मिनिटांनी समोर यायला हवं.

'ग्रान टुरिस्मो ७'मध्ये शेल्बी कोब्रा ४२७ हौसेने घेतली. वळणातून बाहेर पडताना रेस दिली की मागची चाकं नुसती जागेवर फिरतात. काय बदलू? — एक वाचक, पुणे

आधी टायर. पैसे खर्च करायचे तर सगळ्यात आधी इथे करा. सात लिटरचं व्ही८ आणि हलकी बॉडी यांच्यासमोर कम्फर्ट टायर टिकणारच नाहीत. स्पोर्ट्स हार्ड घाला, आणि शर्यतीच्या नियमात बसत असेल तर स्पोर्ट्स सॉफ्ट. बाकी सगळं सेटअप एकत्र केलं तरी त्याचा फरक टायरच्या एका पायरीइतका पडत नाही. टायर चढवले की पीपी, म्हणजे गेमने गाडीच्या क्षमतेला दिलेले गुणही वाढतात, तेवढं शर्यत निवडताना ध्यानात घ्या.

दुसरं, डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा भाग. ट्युनिंग शॉपमधून पूर्ण बदलता येणारा एलएसडी (दोन चाकांच्या वेगातला फरक आवरणारा डिफरन्शियल) घ्या. इनिशियल टॉर्क १०, ॲक्सिलरेशन १५ आणि ब्रेकिंग २५ इथून सुरुवात करा. ॲक्सिलरेशनचा आकडा फार कमी असेल तर आतलं चाक एकटंच फिरतं आणि गाडी पुढे जात नाही. फार जास्त असेल तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. म्हणून दोन-दोनने वर-खाली करा, एका वेळी एकच आकडा बदला, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच वळणावर निदान तीन फेऱ्या मारा. ब्रेकिंगचा आकडा वाढवला की रेस सोडल्यावर गाडी स्थिर राहते, पण वळणात शिरायला आळशी होते.

पूर्ण बदलता येणारं सस्पेन्शन बसवलं असेल, तर मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) पुढच्यापेक्षा दोन-तीनने कमी ठेवा आणि मागच्या चाकांना थोडा टो-इन द्या, म्हणजे त्यांची पुढची टोकं किंचित आत वळवा, ०.१० ते ०.२० अंश. ताकदच कमी करायची असेल तर ईसीयूमधून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातून, आउटपुट कमी करा. पॉवर रेस्ट्रिक्टर प्रामुख्याने वरच्या आरपीएममधली ताकद कापतो. तुमची चाकं मात्र खालच्या आरपीएममध्येच सुटताहेत.

चाकं जागेवर फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल १ किंवा २ वर ठेवायला लाजू नका. पाचवर ठेवलं, तर वळणातून बाहेर पडताना इंजिन गुदमरल्यासारखं होतं आणि तुमचा पाय काही शिकत नाही. काउंटरस्टिअर असिस्ट मात्र बंदच असू द्या असं आमचं मत. ते तुमच्या आधीच स्टिअरिंग उलटं फिरवतं, आणि मग तुमचं आणि त्याचं मिळून दुप्पट होतं.

राहिला पाय, म्हणजे तुमच्या बाबतीत बोट. आर२ ट्रिगरचा शेवटचा तिसरा हिस्सा गाडी सरळ होईपर्यंत वापरायचाच नाही. आणि गिअर लवकर वर टाका. कोब्राला लाल रेघेपर्यंत ओढायची गरजच नाही, इतका टॉर्क खालीच आहे.

कीबोर्डवर लोटस किंवा कोब्रा चालवता येईल का? व्हील घ्यायचं बजेट नाही. — एक वाचक, नाशिक

चालवता येईल, पण निम्मं कौशल्य कीबोर्डशी झगडण्यातच जाईल. कळ दाबली की रेस शंभर टक्के, सोडली की शून्य. वर कोल्हापूरच्या वाचकांना सांगितलेली दहा-वीस टक्के रेस कीबोर्डवर मिळतच नाही, फार तर कळ टकटक करून तिची नक्कल करता येते. 'असेटो कोर्सा'त स्टिअरिंगचा वेग कमी ठेवा, उलट दिशेने वळण्याचा वेग त्याहून जास्त ठेवा, आणि माउसने स्टिअरिंग करायची सोय एकदा वापरून बघा. गाडी फिरू नये म्हणून मदत करणारं स्टॅबिलिटी कंट्रोल ४० टक्क्यांपासून सुरू करून दर आठवड्याला दहाने उतरवा. व्हीलऐवजी एखादं साधं पॅड घेतलंत तरी बोटात खरी रेस येईल. तोवर माझ्दा मियाटा चालवा. ती चूक दाखवते, पण शिक्षा हळू देते.

फेरारी एफ४० ब्रेक दाबताच फिरते, तेही सरळ रस्त्यावर! लॉजिटेक जी२९ व्हील आणि एच-शिफ्टर (खऱ्या गाडीसारखा गिअरचा दांडा) वापरतो. — एक वाचक, मडगाव

खऱ्या एफ४०ला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं आणि ब्रेकला सर्वोची मदतही नव्हती. त्यामुळे 'असेटो कोर्सा'त एबीएसचं असिस्ट 'फॅक्टरी'वर, म्हणजे खऱ्या गाडीत होतं तसं, ठेवलं, तर त्याचा अर्थ 'अजिबात नाही' असाच होतो. पण सरळ रस्त्यावर फिरते आहे, याचं कारण आम्हाला ब्रेकपेक्षा गिअरमध्ये दिसतं. चौथ्यावरून थेट दुसरा टाकून क्लच सोडला की इंजिन मागच्या चाकांना अडवतं. ती अडखळतात, घसरतात, आणि वर ब्रेक चालूच असतो. सगळा भार पुढे गेलेला असताना हलकी झालेली मागची चाकं अशी अडली, की गाडी फिरण्यावाचून दुसरं काही होऊच शकत नाही.

खात्री करायची असेल तर एकदा गिअर न उतरवता नुसताच ब्रेक दाबून पाहा. गाडी सरळ थांबली, तर दोष गिअरचाच. मग एकेक गिअर उतरवा, आणि पुढचा उतरवण्याआधी आरपीएम पुरतं खाली येऊ द्या. क्लच सोडण्याआधी रेसचा छोटा झटका द्या, म्हणजे इंजिन आणि चाकं एका वेगाला येतात. टाचेने रेस आणि पंजाने ब्रेक हे जमेपर्यंत असिस्टमधलं ऑटो ब्लिप (तो रेसचा झटका आपोआप देणारी सोय) चालू ठेवा. नुसत्या ब्रेकवरही फिरली, तर पाय फार जोरात पडतोय. जी२९चं ब्रेक पेडल आतल्या रबरामुळे शेवटी कडक लागतं, आणि लोक ते लाथ मारल्यासारखं दाबतात. पहिल्या झटक्यात ८० टक्के दाबा आणि वेग उतरेल तसा पाय हलका करत न्या. उलट करू नका.

लोटस ४९ बद्दल इतकं ऐकलं, पण मला ती एक फेरीही धड पूर्ण करू देत नाही. विंग नसलेली गाडी चालवायचीच कशी? — एक वाचक, म्युनिक

४ जून १९६७ला नेदरलँड्समधल्या झांडव्हूर्टला ही फॉर्म्युला वन गाडी आणि तिचं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन पहिल्यांदा शर्यतीत उतरलं, आणि त्याच दिवशी जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. तीन लिटर, चारशेच्या आसपास अश्वशक्ती, पाचशे किलोच्या घरातलं वजन. सुरुवातीच्या या इंजिनाची ताकद साडेसहा हजार आरपीएमच्या सुमारास एकदम अंगावर यायची. तुमचं वळण संपायच्या आत काटा तिथे पोहोचत असेल, तर गाडी फिरणारच. म्हणून वळणात असा गिअर घ्या, की काटा त्या आकड्याच्या एक तर बराच खाली राहील, किंवा आधीच वर असेल. मधोमध तो उंबरठा ओलांडायचा नाही.

विंग नाही, म्हणजे वेग वाढला तरी पकड वाढत नाही. आजच्या फॉर्म्युला वन गाडीत 'जोरात जा म्हणजे चिकटेल' हे खरं असतं, इथे नाही. पण एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. त्या काळचे टायर घसरायला लागले तरी एकदम सोडत नाहीत, बरेच अंश तिरकी झाली तरी गाडी पकड धरून असते. बहुतेक नवखे तिला सरळ ठेवायला धडपडतात, आणि त्या धडपडीतच ती फिरते. चारही चाकांवर थोडी तिरकी जाऊ द्या. स्टिअरिंगने फक्त शिरायचं. पुढचा कोन रेसने ठरवायचा : थोडी जास्त दिली की नाक आत येतं, थोडी कमी केली की गाडी सावरते. अर्थात 'थोडी'.

तुम्ही व्हीलवर असाल तर फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हील हाताला देतं तो जोर, तपासा. 'असेटो कोर्सा'तल्या पेडल्सच्या ॲपमधली पट्टी सतत लाल होत असेल, तर व्हीलला आणखी जोर दाखवताच येत नाही, आणि मागचा भाग सुटल्याचं हाताला कळत नाही. लाल रंग फक्त मोठ्या कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) दिसेल इतका गेन, म्हणजे त्या जोराचं प्रमाण, उतरवा. गिअरवर चालणाऱ्या व्हीलला किमान फोर्स ५ टक्क्यांपासून द्या. व्हील मधोमध थरथरू लागलं तर कमी करा. गाडी सुटली की व्हील आवळून धरू नका. बोटं सैल केली की ते स्वतःच उलट दिशेला पळतं, आपण फक्त योग्य जागी थांबवायचं.

जुन्या मंडळींपैकी कुणी १९९८चा 'ग्रां प्री लेजंड्स' हा गेम अजून चालवत असेल, तर त्यात याच गाडीचा डिफरन्शियल ८५/३० करून बघावा. पहिला आकडा रेस देतानाचा, दुसरा रेस सोडल्यावरचा, आणि दोन्ही डिफमधल्या रॅम्पचे कोन. कोन जितका मोठा, तितकी डिफची पकड सैल. म्हणजे रेस देताना डिफ मोकळा राहतो आणि रेस सोडल्यावर घट्ट. नवख्याची गाडी बहुधा रेस सोडल्यावरच फिरते, म्हणून ही जोडी कामाला येते.

'डर्ट रॅली २.०'मधली लॅन्शिया स्ट्रॅटोस हेअरपिनवर (जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणावर) नेहमी गरजेपेक्षा जास्त फिरते. — एक वाचक, डोंबिवली

स्ट्रॅटोसची पुढची आणि मागची चाकं अवघ्या २.१८ मीटर अंतरावर आहेत आणि इंजिन मधे. १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षं लॅन्शियाला जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद मिळवून दिलं ते हिनेच, आणि तिचं ते चटकन वळणंच तुम्हाला नडतंय. इतकी आखूड गाडी एकदा फिरायला लागली की थांबवायला वेळच देत नाही. म्हणून हँडब्रेक ओढून धरायचा नाही, नुसता टिचकी मारल्यासारखा लावून सोडायचा, आणि गाडी निम्मी वळली की लगेच स्टिअरिंग सरळ करून रेस द्यायची. पूर्ण वळेपर्यंत वाट पाहिलीत तर उशीर झाला.

सेटअपमध्ये डिफरन्शियलचं ब्रेकिंग लॉक वाढवा, ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी) थोडा पुढे न्या, मागच्या स्प्रिंग आणि मागचा अँटी-रोल बार मऊ करा. हे सगळं एका बैठकीत करू नका. आधी नुसतं ब्रेकिंग लॉक वाढवून बघा, पुष्कळांचं काम तेवढ्यावरच होतं. सरावाला गेममधलंच डर्टफिशचं मोकळं मैदान घ्या. तिथे एका खुणेभोवती डावीकडून दहा आणि उजवीकडून दहा गोल हँडब्रेकशिवाय काढा. गोल मोठा होत गेला तर रेस जास्त पडतेय, गाडी आतल्या बाजूला फिरून थांबली तर रेस मधेच तुटतेय.